दोन्ही मके गोड, शेजारी लावले आणि कणसं पिठूळ! बियाणं बोगस की आणखी काही?

मुळशीचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. पौडच्या पुढे सासऱ्यांची जमीन आहे. भातखाचरं सोडून जो वरकस तुकडा उरतो त्यात यंदा स्वीट कॉर्न केला. बियाणं दोन प्रकारचं होतं. एक दुकानातलं सुपरस्वीटचं पाकीट, संकरित. दुसरं 'माधुरी', मेव्हण्याने कुठल्याशा कृषी प्रदर्शनातून आणलेलं. पाकिटातलं बी पुरेना म्हणून एक ओळ हे आणि एक ओळ ते अशी टोकण केली. पाऊस बरा झाला, लष्करी अळी आटोक्यात राहिली, कणसं टपोरी भरली. घरी आणून उकडली आणि सगळ्यांची तोंडं वाकडी. पहिले दोन दाणे गोड लागतात, तिसरा नुसतं पीठ. एकाच कणसात, अगदी चिकटून असलेले दाणे, एक साखर आणि दुसरा गुरांच्या मक्यासारखा.

दुकानदार म्हणतो, "बियाणं खात्रीचं आहे साहेब, खतपाणी कमी पडलं असेल." सासरे म्हणतात बोगस आहे, तालुक्याला जाऊन तक्रार कर.

त्यात आणखी एक भानगड. भाचीने ऑनलाइन मागवलेला 'ग्लास जेम' नावाचा रंगीबेरंगी मका हौसेने बांधावर लावला होता. आता माझ्या पिवळ्या कणसांत मधूनच जांभळे दाणे आलेत. काही पूर्ण जांभळे, काहींवर नुसते शिंतोडे. रोग आहे का हा? पोरांना खायला द्यावीत का?

सदाशिवपेठी_खवचट

उकडायला कोणी सांगितलं होतं? खडकवासल्याच्या चौपाटीवर निखाऱ्यावर भाजलेलं देशी कणीस घ्यायचं, लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून वरून चोळायची. स्वीट कॉर्न हा प्रकार कपात घालून बटर ओतणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या शेताने तुम्हाला फुकटात शहाणं केलं.

निवृत्त_पैदासकार

पाहुणे, तक्रार करू नका. दोन्ही बियाणी अस्सल आहेत, म्हणूनच असं झालं.

'स्वीट कॉर्न' हे एका जनुकाचं काम नाही. माधुरी, प्रिया हे जुने संमिश्र वाण 'शुगरी-१' या जनुकावर गोड आहेत. पाकिटातले बहुतेक सुपरस्वीट संकरित वाण 'श्रंकन-२' या वेगळ्याच जनुकावर. आम्ही बोलताना एसयू आणि एसएच-टू म्हणतो, इथेही तेच वापरतो. एसयू चौथ्या गुणसूत्रावर, एसएच-टू तिसऱ्यावर. दोन्ही बिघडलेली जनुकं आहेत, आणि त्या बिघाडालाच आपण पैसे मोजतो.

साध्या मक्यात पानात तयार झालेली साखर दाण्यात येते आणि तिथे तिचं स्टार्च होतं. स्टार्च बांधायला लागणारी जी पहिली वीट, एडीपी-ग्लुकोज, ती पाडणाऱ्या विकराचा (एन्झाइमचा) एक भाग एसएच-टू जनुक बनवतं. ते बंद पडलं की स्टार्चचं काम सुरुवातीलाच अडतं आणि साखर साखरच राहते. एसयूचं काम बरंच पुढचं. स्टार्चच्या रेणूला फुटलेल्या जादा फांद्या छाटणारं विकर ते बनवतं. ते नसलं की व्यवस्थित स्टार्चऐवजी पाण्यात विरघळणारं फायटोग्लायकोजेन साठतं. जुन्या स्वीट कॉर्नला दाताखाली जो सायीसारखा मऊपणा असतो तो त्याचा. गोडी मात्र सुपरस्वीटपेक्षा कमी, आणि तीही टिकत नाही. उन्हाळी दिवसात सकाळी तोडलेलं एसयू कणीस संध्याकाळपर्यंत ओळखू येणार नाही इतकं उतरतं. एसएच-टू काही दिवस तग धरतं. मार्केट यार्डात आणि मॉलमध्ये आता एसएच-टूच का दिसतं, त्याचं उत्तर यात आहे.

आता तुमचं शेत. दोन्ही दोष अप्रभावी आहेत, म्हणजे एक जरी चांगली प्रत मिळाली तरी काम सुरळीत चालतं. माधुरीकडे एसयू बिघडलेलं पण एसएच-टू ठणठणीत. पाकिटातल्या वाणाकडे एसएच-टू बिघडलेलं पण एसयू ठणठणीत. माधुरीच्या केसांवर पाकिटातल्या वाणाचा पराग पडला की त्या दाण्यात दोन्हींची चांगली प्रत पोचते. स्टार्चचा कारखाना पूर्ववत सुरू. उलट दिशेनेही तेच. दोन गोड आईबापांचं पिठूळ पोर!

ओळीआड ओळ टोकल्यामुळे प्रत्येक कणसाला दोन्हीकडचा पराग मिळाला. ज्या दाण्याला स्वतःच्या वाणाचा पराग लागला तो गोड, ज्याला शेजारचा लागला तो पिठूळ. कणसाचा प्रत्येक केस एकेका दाण्याचा असतो, त्यामुळे एकाच कणसात शेजारच्या दोन दाण्यांचे बाप वेगळे असू शकतात.

राहिलेली काही कणसं झाडावरच वाळू द्या. एसयूचा गोड दाणा सुरकुततो पण काचेसारखा अर्धपारदर्शक दिसतो. एसएच-टूचा दाणा खपाटीला गेलेला, मळकट, बोटाने दाबला तर पोकळ वाटणारा. आणि पिठूळ दाणा गुळगुळीत, भरलेला. एका कणसात दोन प्रकारचे दाणे दिसले की खात्री पटेल.

गच्चीतली_शेती

काका, एक शंका. माझ्या कलमी हापूसच्या शेजारी कोणाचा रायवळ आंबा असला तरी माझा आंबा हापूसच लागतो. पेरूचंही तेच. मग मक्यालाच बापाचा गुण लगेच त्याच हंगामात कसा लागतो? पुढच्या पिढीत दिसायला नको का?

निवृत्त_पैदासकार

ताई, आंब्याचा आपण खातो तो गर आईच्या झाडाचा भाग आहे. बाप फक्त कोयीत असतो. मक्यात आपण खातो तेच मुळी बी.

मक्याच्या दाण्यात तीन वेगवेगळे भाग एकात एक बसलेले असतात म्हटलं तरी चालेल. बाहेरचं पातळ साल, दातात अडकतं ते, निव्वळ आईचं. आतला कोंब, म्हणजे अंकुर, आईचा एक संच आणि बापाचा एक. आणि मधला सगळा पिठाचा किंवा साखरेचा भाग, भ्रूणपोष, यात आईचे दोन संच आणि बापाचा एक, असे तीन. एका परागकणातून दोन शुक्रपेशी येतात, एक अंडपेशीला आणि दुसरी मधल्या जोडकेंद्रकाला मिळते, म्हणून हा हिशेब. त्यामुळे गोडी आणि पिठाचा पिवळेपणा यात बाप त्याच हंगामात हजर असतो. याला झेनिया म्हणतात. १८९९ साली ह्युगो द व्ह्रीस आणि कार्ल कॉरेन्स या दोघांनीही मक्यातल्या झेनियावर लिहिलं, आणि पुढच्याच वर्षी दोघांनी मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आणले. मेंडेलचा सुरकुतलेला वाटाणासुद्धा याच जातकुळीतला. तिथेही स्टार्च बांधणारं एक विकर बिघडलेलं असतं, साखर आणि पाणी जास्त राहतं, वाळताना दाणा आक्रसतो.

गच्चीतली_शेती

म्हणजे माझं कोडं सुटलं! धनकवडीला गच्चीवर ड्रममध्ये पांढरा मका लावते मी. मागच्या खेपेला त्यात अगदी फिकट, लोण्याच्या रंगाचे दाणे आले होते. मला वाटलं लोह कमी पडलं. खालच्या बंगल्यात पिवळा मका होता.

निवृत्त_पैदासकार

तोच. पिवळेपणा वाय-१ या जनुकाचा, सहाव्या गुणसूत्रावर, कॅरोटिनॉइड, म्हणजे पिवळी-केशरी रंगद्रव्यं, बनवण्याच्या सुरुवातीच्या पायरीवरचं. तुमच्या दाण्यात तीनपैकी एकच मात्रा पिवळी, म्हणून रंग फिका. त्या बंगल्यातल्या मक्यावर तुमचा पांढरा पराग गेला असेल तर तिथे तीनपैकी दोन मात्रा पिवळ्या, ते दाणे जवळपास पिवळेच दिसणार, नीट पाहिल्याशिवाय फरक कळायचा नाही. संकर तोच, आई कोण आणि बाप कोण एवढ्यावर रंग बदलतो.

लगे हाथ, गडद केशरी मका म्हणजे जीवनसत्त्व अ जास्त असं धरून चालू नका. तो रंग बराचसा ल्युटिन आणि झिॲझॅन्थिनचा असतो, आणि त्यांचं शरीरात अ जीवनसत्त्व होत नाही. त्यासाठी बीटा-कॅरोटिन टिकवावं लागतं, त्याचं जनुक वेगळं. आपल्याकडे 'पुसा विवेक क्यूपीएम ९ इम्प्रूव्ड' हा वाण त्यावर काम करून २०१७ साली आला.

मुळशीचा_पाहुणा

डोकं गरगरलं पण समजतंय. सासऱ्यांना सांगितलं, ते म्हणाले "दोन गोडांचं आंबट होतं हे संसारात ऐकलं होतं." जांभळ्या दाण्यांचं काय?

निवृत्त_पैदासकार

आधी एक करा. जांभळे दाणे वेगळे काढून चावून बघा आणि इथे सांगा, गोड आहेत का.

मुळशीचा_पाहुणा

एकही गोड नाही. पूर्ण जांभळे असोत की शिंतोडेवाले, सगळे पिठूळ. तुम्हाला कसं कळलं?

निवृत्त_पैदासकार

ग्लास जेम हा मुळात लाह्यांच्या आणि कठीण दाण्याच्या मक्यातून ओक्लाहोमाच्या कार्ल बार्न्स यांनी निवडत निवडत तयार केलेला. गोड नव्हेच. त्याच्या परागात एसयू आणि एसएच-टू दोन्हींच्या चांगल्या प्रती असतात. जांभळा रंग हा त्या परागाचा शिक्का समजा. शिक्का आहे तिथे बाप ग्लास जेम, आणि बाप ग्लास जेम तर दाणा पिठूळ. रोगबिग काही नाही, खुशाल खा.

हा जांभळा अँथोसायनिनचा रंग, आणि तो बसतो कुठे तर सालाखाली, भ्रूणपोषाच्या सगळ्यात बाहेरच्या एक पेशी जाडीच्या थरात. त्याला अल्यूरोन म्हणतात. त्या थरात रंग यायला ए-१, ए-२, सी-१, सी-२, आर-१ अशी बरीच जनुकं एकाच वेळी चालू असावी लागतात. एक जरी दोन्ही बाजूंनी बंद असलं तरी थर बिनरंगी, आणि खालचा पिवळा दिसतो. नेहमीच्या पिवळ्या स्वीट कॉर्नमध्ये यातलं एखादं बंद असतं. बाहेरून चालू प्रत आली की लगेच जांभळं.

आणखी एक कळतं यावरून. अल्यूरोनचा रंग उशिरा चढतो. दाणा चिकात असताना, म्हणजे केस बाहेर आल्यापासून साधारण तीन आठवड्यांपर्यंत, तो फारसा दिसत नाही. तुम्हाला ठसठशीत जांभळे दिसले, तर कणसं काढायलाही थोडा उशीर झाला होता. पिठूळपणात त्याचीही थोडी भर असणार.

शिंतोडे असलेल्या दाण्यांचा जवळून फोटो टाका.

जीन्स_घालणारी

फोटो बघायच्या आधीच सांगते, ट्रान्सपोझॉन! बार्बरा मॅक्लिंटॉक! उड्या मारणारी जनुकं, १९८३ चं नोबेल. एमएस्सीला याच ठिपक्यांनी छळलं होतं.

निवृत्त_पैदासकार

फोटो पाहिला. मॅडम, इथे मला ते वाटत नाही.

मॅक्लिंटॉकबाईंच्या दाण्यात काय होतं ते आधी. डीएस नावाचा तुकडा रंगाच्या जनुकात घुसून बसतो, जनुक बंद, दाणा बिनरंगी. एसी नावाचा दुसरा घटक हजर असेल तर तो तुकडा एखाद्या पेशीतून निसटतो, त्या पेशीत रंग परत येतो, आणि तिच्या सगळ्या वंशजांतही. म्हणून तिथे ठिपका म्हणजे एका पेशीचं कुटुंब. कडा रेखीव, लवकर निसटला तर ठिपका मोठा, उशिरा निसटला तर टाचणीच्या टोकाएवढा.

पाहुण्यांच्या फोटोतले डाग तसे नाहीत. कडा विसविशीत आहेत, रंग गडद-फिका असा सगळ्या माथ्यावर सांडल्यासारखा. हे आर-१ जनुकाचं लक्षण दिसतंय. आर-१ ची गंमत अशी की काही प्रकारांत तेच जनुक आईकडून आलं तर दाणा एकसारखा गडद होतो आणि बापाकडून आलं तर असा चट्टेपट्टेरी. जनुकात बदल कुठलाच नाही, डीएनए तोच, कुठून आला याची खूण फक्त वर लागलेली. जेरी कर्मिकल यांनी १९७० साली हे दाखवलं. मात्रा कमी-जास्त करूनही पाहिली, बापाकडून दोन मात्रा दिल्या तरी चट्टेच. पुढे उंदरात आणि माणसात जे जनुकीय ठसांकन सापडलं त्याचा एक आरंभ या डागाळलेल्या दाण्यात आहे.

पाहुणे, चट्टेवाले दाणे कोणत्या वाणाच्या ओळीत जास्त आहेत?

मुळशीचा_पाहुणा

पाकिटातल्या वाणात जास्त करून चट्टेवाले. माधुरीच्या ओळीत दोन्ही दिसतात.

निवृत्त_पैदासकार

मग पाकिटातल्या वाणात आर-१ बंद असावं, आणि चालू प्रत ग्लास जेमकडून, म्हणजे बापाकडून, आली म्हणून चट्टे. माधुरी संमिश्र वाण आहे, तिच्यात झाडागणिक जनुकं वेगळी. काही झाडांकडे स्वतःचं आर-१ असेल आणि दुसरंच काही बंद असेल, तिथे बापाने ते पुरवलं आणि दाणा पूर्ण रंगला.

जीन्स_घालणारी

मान्य. कडांचा मुद्दा पटला. पण ग्लास जेममध्ये एसी-डीएस असूच शकत नाही असं नाही ना?

निवृत्त_पैदासकार

असू शकतं. एखादा रेखीव ठिपक्यांचा दाणा सापडला तर पाहुण्यांनी तुम्हाला पाठवून द्यावा, पेरून बघा.

खेडचा_शेतकरी

इथं सगळे रंगाचं बोलून राहिले, पैशाचं बोला जरा. आमच्याकडं दरवर्षी हाच तमाशा. मी दोन एकर स्वीट कॉर्न करतो, व्यापारी बांधावर येऊन दाणा चावून भाव करतो. शेजारी गाईंसाठी 'आफ्रिकन टॉल', चाऱ्याचा मका. चाऱ्यासाठी तुरा निघता निघता कापला तर काही अडचण नाही, पण तो मुरघासाला ठेवतो, म्हणजे दाणा भरेपर्यंत उभा. तुरा आमच्या केसांच्या वेळेलाच झडतो. वाऱ्याकडच्या पहिल्या ओळींत कणसं पिठूळ, आतली बरी. भांडून उपयोग नाही, त्याच्या गाई उपाशी ठेवणार का? आता मी त्याला पेरणीची तारीख विचारून माझी तीन आठवडे मागं घेतो. शिवाय त्याच्या बाजूच्या चार-सहा ओळींची कणसं व्यापाऱ्याला दाखवतच नाही, ती घरच्या गुरांना. जागा असेल तर दोनशे मीटर सोडा म्हणतात, पण आमच्याकडं दोनशे मीटरमध्ये तीन भावांच्या वाटण्या बसतात.

निवृत्त_पैदासकार

भाऊ, तुम्ही करताय तेच योग्य. मक्याचा पराग जड असतो, बहुतेक जवळच पडतो, म्हणून कडेच्या ओळी मार खातात. लावताना लांब दोन-तीन ओळींची पट्टी न करता चौकोनी वाफा करा, आतल्या कणसांना आपलाच पराग जास्त मिळतो. आणि एसएच-टूचं बी खपाटीला गेलेलं असतं, त्यात कोंबाला शिदोरी कमी. थंड, चिकट ओल्या जमिनीत ते कुजतं. जमीन गरम असू द्या, खोल टाकू नका.

व्हॉट्सॲप_विद्यापीठ

पण स्वीट कॉर्न जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेला, असतो ना? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं.

जीन्स_घालणारी

नाही. भारतात शेतकऱ्याच्या शेतात कायदेशीररीत्या लागवड होणारं जीएम पीक एकच, बीटी कापूस, २००२ पासून. एसयूचा दोष निसर्गात आपोआप झालेला आहे. १७७९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या इरोक्वा लोकांकडून गोऱ्या वसाहतवाल्यांना गोड मका मिळाल्याची नोंद आहे, तेव्हा कसली जीएम प्रयोगशाळा. ग्रुपवर हेच चिकटवा.

आता माझा प्रश्न काकांना. जांभळा आणि सुपरस्वीट असा मका बाजारात का नाही? दोन्ही गुण आहेत, संकर करा, दुसऱ्या पिढीत निवडा. इतकं काय अवघड?

निवृत्त_पैदासकार

याच प्रश्नाची वाट बघत होतो.

रंगाचं ए-१ आणि गोडीचं एसएच-टू ही दोन्ही जनुकं तिसऱ्या गुणसूत्रावर मांडीला मांडी लावून बसलेली आहेत. मधलं अंतर डीएनएच्या सुमारे १४० हजार अक्षरांचं, म्हणजे हजार युग्मकांत (पराग किंवा अंडपेशींत) साधारण एकातच त्यांची ताटातूट होते. इलिनॉय विद्यापीठात जॉन लॉफनन हे मुळात ए-१ वर, म्हणजे रंगावर काम करत होते. शेजारी बसलेल्या एसएच-टूच्या दाण्यात साखर किती भरते हे त्यांनी १९५३ मध्ये छापलं आणि सुपरस्वीटचा सगळा धंदा त्यातून उभा राहिला. रंग शोधताना गोडी हाताला लागली, आणि बंद ए-१ बऱ्याच ठिकाणी तिच्याबरोबर आलं.

आता पेरू देशातला जांभळा मका घ्या. त्याच्याकडे ए-१ चालू आणि एसएच-टूही चालू. सुपरस्वीटकडे दोन्ही बंद. संकर केला तर दुसऱ्या पिढीत जांभळे ते पिठूळ आणि गोड ते बिनरंगी, जवळपास शंभर टक्के. चालू ए-१ शेजारी बंद एसएच-टू हवं असेल तर नेमका त्या छोट्याशा फटीत अदलाबदल झालेला दाणा शोधावा लागतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या संशोधकांनी तो शोधून जांभळ्या सालाचा सुपरस्वीट तयार केला आहे. त्यांनी रंग सालात घेतला हे महत्त्वाचं. साल आईचं असल्याने अख्खं कणीस एकरंगी येतं, आणि चिकात असताना रंग चढवता येतो. अल्यूरोनच्या भरवशावर राहिलं तर रंग येईपर्यंत गोडी गेलेली.

सदाशिवपेठी_खवचट

जांभळं कणीस लिंबू-तिखट लावून भाजल्यावर काळंच दिसणार. पण माहिती उत्तम. चालू द्या.

गच्चीतली_शेती

लिंबू लावलं तर लाल होईल, खवचटराव! अँथोसायनिन आहे, आंबट लागलं की तांबूस होतं. जांभळ्या कोबीचं करून बघा. आणि उकडताना पाणी कमी घ्या, रंग पाण्यात उतरतो. पेरूत तर कणसं उकळून त्या रंगीत पाण्याचंच सरबत करतात, चिचा मोराडा.

मुळशीचा_पाहुणा

तक्रार रद्द. दुकानदाराला भेटून आलो, त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला "मग पुढच्या वर्षी दोन्ही पाकिटं माझ्याकडूनच घ्या." पुणेरी दुकानदार.

शेवटचा प्रश्न. झाडावर वाळवलेल्या कणसांतले ते गुळगुळीत पिठूळ दाणे पेरले तर काय होईल? फेकवत नाहीत. आणि भाची म्हणते जांभळेही पेरू.

निवृत्त_पैदासकार

आधी पिवळे गुळगुळीत. त्यातले बरेचसे माधुरी आणि पाकिटातल्या वाणाचे संकर आहेत, दोन्ही जनुकांची एक प्रत चांगली, एक बिघडलेली. ते इतर मक्यापासून लांब पेरा. येणाऱ्या कणसांत सोळा दाण्यांमागे साधारण नऊ पिठूळ, तीन एसयूचे गोड, तीन एसएच-टूचे गोड आणि एक ज्यात दोन्ही बिघडलेलं. म्हणजे खायला तेही कणीस निम्म्याहून जास्त पिठूळच, घरच्यांना आधी सांगून ठेवा. पण वाळल्यावर काचेसारखे आणि खपाटीचे दाणे नखाने वेगळे काढता येतील, आणि पुढच्या हंगामात तुमच्याकडे निवडलेलं गोड बी असेल. दोन ढीग एकत्र पेरायचे नाहीत, नाहीतर हा धागा परत पहिल्यापासून.

ग्लास जेमच्या बापाचे जांभळे दाणे भाचीला द्या, पण जागा वेगळी. केस बाहेर यायच्या आधी कोवळ्या कणसावर कागदी पिशवी चढवायची. त्याच झाडाच्या तुऱ्यावर आदल्या संध्याकाळी पिशवी बांधायची, सकाळी दव उतरल्यावर नऊ-दहाच्या सुमारास तुरा झटकून पराग गोळा करायचा आणि केसांवर टाकून पिशवी लगेच परत चढवायची. पिशवीवर पेन्सिलीने तारीख आणि आई-बाप लिहायला सांगा, शाईचं पेन पावसात धुऊन जातं.

मुळशीचा_पाहुणा

भाची विचारतेय, पिशव्या कुठल्या? वाण्याकडच्या चालतील?

खेडचा_शेतकरी

खाकी, जाड कागदाच्या घ्या. पातळ पिशवी पहिल्या सरीतच कणसाला चिकटते. पिनेऐवजी स्टेपल मारा. आणि तोंड खालून नीट दुमडा, नाहीतर मुंग्या आत जातात.